टाकी भरली आणि काटा खाली आला

आदल्या रात्री नवं फ्यूल गेज बसवलं तेव्हा काटा अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन थांबला होता. काळी तबकडी, पांढरा काटा, मागून येणारा हिरवट उजेड. मी बराच वेळ नुसता बघत बसलो. बाबा खिडकीतून डोकावले. "अर्धी टाकी? परवाच म्हणालास ना, तळ लागत आलाय म्हणून?" मला वाटलं, माझाच अंदाज चुकला असेल. सकाळी दोघंही पंपावर गेलो, टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, इग्निशन चालू केलं, आणि काटा खाली आला. 'रिकामी'च्या रेघेच्या जेमतेम केसभर वर येऊन थांबला.

पुढचे तीन दिवस गाडी चालवली. पेट्रोल जळत होतं आणि काटा चढत होता.

बंद पडलेलं गेज परवडलं. निदान ते बंद आहे हे आपल्याला माहीत असतं, मग आपण किलोमीटर मोजून पेट्रोल भरतो. उलटं सांगणारं गेज जास्त घातक, कारण गाडी रस्त्यात बंद पडेल त्या क्षणीही ते अर्ध्याहून जास्त पेट्रोल दाखवत असतं. त्या तीन दिवसांनंतर मी ठरवलं की ही जोडी नीट जुळेपर्यंत काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, आणि जुळवायची तर मुळापासून. पुढे जवळजवळ महिनाभर सुट्टीचे सगळे दिवस त्यात गेले. ते सगळं इथे लिहितोय, कारण माझी पहिली चूक गेज बसवताना झालेली नव्हती. ती विकत घेतानाच झाली होती. मी ५२ मिलिमीटरचं भोक, तबकडीचा रंग आणि मीटर क्लस्टरशी दिसणारा मेळ पाहून गेज निवडलं होतं. टाकीतला फ्लोट कोणत्या आकड्यांत बोलतो, हे मी विचारलंच नव्हतं.

टाकीतल्या सेंडरचं काम तसं साधं आहे. एका दांडीच्या टोकाला तरंगणारा फ्लोट, दुसऱ्या टोकाला बारीक तारेची गुंडाळी असलेली पट्टी आणि तिच्यावरून घासत फिरणारी एक छोटी पितळी जीभ. पेट्रोल वरखाली झालं की दांडी हलते, जीभ पट्टीवर सरकते आणि रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, बदलतो. गेज हा रेझिस्टन्स वाचतं आणि काटा फिरवतं. अडचण अशी की टाकी भरल्यावर किती ओहम (रेझिस्टन्स मोजायचं एकक) आणि रिकामी झाल्यावर किती, यावर जगभरच्या गाडीवाल्यांचं एकमत कधी झालंच नाही. जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्यांत साधारण १९६५ पासून पुढे बरीच वर्षं रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम. फोर्डच्या जुन्या गाड्यांत उलट दिशा, रिकामी ७३, भरलेली १० च्या आसपास. १९८७ पासून त्यांनीच दिशा फिरवली आणि रिकामी १६, भरलेली १५८ केली. अमेरिकेतल्या बाजारी गेजांचा मोठा भाग रिकामी २४०, भरलेली ३३ या जोडीवर चालतो. युरोपात व्हीडीओ या जर्मन कंपनीच्या गेजांमुळे १० ते १८० ही जोडी रुळली, त्यात १० म्हणजे रिकामी. जुन्या जपानी गाड्यांत बहुतेक ठिकाणी रिकामी सुमारे ११० आणि भरलेली सुमारे ३.

म्हणजे आकडे वेगळे आहेतच, त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिशा वेगळी आहे. काही सेंडर पेट्रोल वाढेल तसा रेझिस्टन्स वाढवतात, काही कमी करतात. माझ्या गेजच्या खोक्यावर बारीक अक्षरांत १०-१८० असं छापलेलं होतं. माझी गाडी जपानी घडणीची. बाकी हिशेब उघड होता.

(१९२८ ची फोर्ड मॉडेल ए घ्या. तिची टाकी डॅशबोर्डच्या मागेच होती आणि फ्लोट थेट तिथली तबकडी फिरवायचा. मध्ये तार नाही, ओहम नाही, जुळवायचं काही नाही. टाकी मागे गेली आणि मध्ये वीज आली, तिथून हा प्रश्न सुरू झाला.)

तरी अंदाजावर चालायचं नव्हतं. गेजला 'एस' असं लिहिलेल्या टर्मिनलवर सेंडरची वायर येते. ती सोडवली, इग्निशन बंद ठेवलं आणि मल्टीमीटरची एक पिन त्या वायरवर, दुसरी बॉडीच्या उघड्या लोखंडावर टेकवली. मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना लावून पाहिल्या, तर मीटर ०.४ दाखवत होता. ही पिनांचीच भर, ती प्रत्येक आकड्यातून वजा करायची. दोनशे ओहमच्या हिशेबात ती किरकोळ वाटते, पण जिथे भरलेली टाकी म्हणजे तीन-चार ओहम, तिथे ती मोजावीच लागते. पुन्हा टाकी पूर्ण भरून घेतली आणि मोजलं. १९ ओहम.

इथे मी थबकलो. दिशा जपानी आहे हे ठीक, पण ३-४ च्या जागी १९ का? तेव्हा उत्तर मिळालं नाही. आकडा वहीत लिहून ठेवला आणि पुढे गेलो. तिथेच थांबून शोध घेतला असता तर दोन आठवडे वाचले असते.

पुढे गेलो ते रेझिस्टरच्या, म्हणजे ठरावीक ओहमच्या छोट्या सुट्या भागाच्या, मागे. मध्ये एखादा रेझिस्टर टाकला की काम होतं, असं बरेच जण सांगतात, आणि ते पूर्ण खोटंही नाही. पण त्याच्या मर्यादा कुणी सांगत नाही. सिरीजमध्ये, म्हणजे सेंडरच्याच वायरीत एकामागे एक, लावलेला रेझिस्टर दोन्ही टोकं सारखीच वर उचलतो. माझ्या सेंडरची खरी टोकं पुढे ४ आणि १०७ निघाली; इथली गणितं त्यांवरच करतो. ४ ते १०७ ला २९ ओहम सिरीजमध्ये लावले तर ३३ ते १३६ होतात. पॅरललमध्ये, म्हणजे सेंडरच्या शेजारून दुसरी वाट म्हणून, लावलेला रेझिस्टर मोठ्या आकड्याला जोरात दाबतो, लहान आकड्याला जवळजवळ धक्का लावत नाही. म्हणजे रेझिस्टरनी पल्ला सरकवता येतो आणि आखडता येतो. तो ताणता येत नाही आणि उलटा तर मुळीच करता येत नाही. पेट्रोल वाढल्यावर कमी होणारा आकडा कितीही रेझिस्टर जोडले तरी कमीच होणार. माझ्या १०-१८० च्या गेजला त्यामुळे या वाटेने काही आशाच नव्हती. हे मी कागदावर तीन वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिलं, कारण गेज मनापासून आवडलं होतं आणि सोडवत नव्हतं.

मग दिशा जुळणारी गेज पाहिली. २४०-३३ चं एक होतं, त्यात भरलेली टाकी लहान आकडा, म्हणजे दिशा बरोबर. २९ ओहम सिरीजमध्ये लावले की 'भरली' अचूक बसते. पण रिकाम्या टाकीला गेजला हवेत २४० आणि माझ्याकडे जास्तीत जास्त १३६. या गेजांत १५३ म्हणजे पाव टाकी आणि १०३ म्हणजे अर्धी. म्हणजे टाकी कोरडी झाल्यावरही काटा पावच्या वरच राहणार. ७३-१० चं गेज मात्र आखडण्याच्या वाटेने जमण्यासारखं होतं: ६ ओहम सिरीजमध्ये, मग त्या दोघांना मिळून २२० ओहम पॅरललमध्ये. रिकामी ११३ चे सुमारे ७५ होतात, भरलेली १० चे साडेनऊ. दोन्ही टोकं बसली. मधल्या भागाचं काय होतं, ते पुढे सांगतो.

सेंडरच बदलायचा मार्गही होता. गेजच्या जोडीने मिळणारा, दांडीची लांबी हवी तशी कापता येणारा युनिव्हर्सल सेंडर. ज्यांची टाकी साधी चौकोनी आहे आणि वरून स्क्रूची गोल प्लेट निघते, त्यांना हाच मार्ग मी सुचवेन. माझ्या गाडीत सेंडर, पेट्रोल ओढणारा पाइप आणि परतीचा पाइप एकाच प्लेटवर आहेत, ती लॉक रिंगने बसते, आणि टाकीच्या आत एक पत्र्याचा आडवा पडदा आहे, त्यात दांडी अडकू शकते. मूळ सेंडर त्या टाकीसाठी घडवलेला. तो फेकायला मन धजलं नाही.

शेवटी ठरलं ते शिकवता येणारं गेज. आत स्टेपर मोटर आणि छोटी चिप, आणि मागच्या बटणाने त्याला सांगता येतं की हा रेझिस्टन्स म्हणजे रिकामी, हा पाव, हा अर्धी, हा पाऊण, हा भरलेली. दिशा कोणतीही चालते. अशीही गेजं मिळतात की ज्यांना फक्त दोन टोकं शिकवता येतात; मी मुद्दाम पाच खुणांचं घेतलं. पण शिकवायचं तर आधी मला स्वतःला माहीत हवं की कोणत्या लिटरला किती ओहम. त्यासाठी सेंडर बाहेर काढणं आलं.

टाकी उघडण्याचं काम मोकळ्या हवेत, दुपारी, बॅटरीची निगेटिव्ह सोडवून केलं. पेट्रोल हातपंपाने धातूच्या डब्यांत काढून घेतलं आणि झाकणं घट्ट लावून डबे लांब नेऊन ठेवले. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धवट रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. बाबा अग्निशामक घेऊन दहा पावलांवर उभे होते आणि मी हातमोजे घातलेत की नाही ते तीनदा विचारून झालं होतं. लॉक रिंग पितळी ठोकळ्याने हलके ठोके देत फिरवली, लोखंडावर लोखंड आपटून ठिणगी नको म्हणून. सेंडर बाहेर आला, टाकीचं तोंड लगेच झाकलं, सेंडर पुसून वाळू दिला आणि तिथून दूर, टेबलावर घेतला.

टेबलावर मीटर लावून दांडी हाताने सावकाश वर नेली. १०७, १००, ९२, ८३... आकडा छान उतरत होता. साठच्या थोडं खाली आला आणि मीटर एकदम कोरा झाला, म्हणजे सर्किटच तुटलं. दांडी किंचित पुढे नेल्यावर ५१. मागे आणली, पुन्हा कोरा. भिंगातून पाहिलं तर पट्टीवर जीभ जिथून वर्षानुवर्षं घासत गेली होती तिथे तारेच्या वेढ्यांवर चकचकीत चर पडला होता, आणि मधल्या चार-पाच वेढ्यांत तो इतका खोल की जीभ त्यांना टेकतच नव्हती. बहुतेक गाड्या अर्ध्या टाकीच्या आसपासच फिरतात, त्यामुळे झीज तिथेच सगळ्यात जास्त.

जुन्या गेजने हे कधी सांगितलं नाही, कारण ते सांगूच शकत नव्हतं. जुनं गेज बायमेटलचं. आत दोन धातूंची पट्टी, तिच्याभोवती गुंडाळलेली तार; करंट गेला की तार तापते, पट्टी वाकते, काटा हलतो. हे सगळं इतकं सावकाश होतं की क्षणभराचं तुटणं काट्याला कळतही नाही. पेट्रोल हिंदकळलं तरी काटा शांत राहतो तो याचमुळे. नव्या इलेक्ट्रॉनिक गेजला मात्र तीच गोष्ट लगेच कळते. जुना सेंडर आणि नवं गेज यांची जोडी जमवताना हे ध्यानात ठेवायला हवं, नाहीतर दोष गेजच्या माथी जातो.

पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ कापडाने पुसली. मग बारीक चिमट्याने पितळी जीभ अर्ध्या मिलिमीटरएवढी बाजूला वाकवली, जेणेकरून ती चर सोडून शेजारच्या न झिजलेल्या तारेवरून फिरेल. दाब वाढवला नाही, फक्त वाट बदलली. पुन्हा दांडी फिरवली, दहा वेळा, खाली-वर. एकदाही मीटर कोरा झाला नाही. वर टोकाला ४, खाली टोकाला १०७.

टेबलावर ४ आणि गाडीत १९. म्हणजे पंधरा ओहम वाटेत कुठेतरी होते.

सेंडरची एक बाजू वायरने गेजकडे जाते, दुसरी बाजू बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंटची परतीची वाट. माझ्या गाडीत प्लेटवरून एक काळी वायर निघून डिकीच्या पत्र्याला एका स्क्रूने घट्ट केलेली आहे. स्क्रू वरून स्वच्छ दिसत होता. सोडवला तर खालचा गोल लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पडलेला, आणि पत्र्यावर लगच्या खालीच तपकिरी गंजाचं वर्तुळ. तिथे पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, लग कापून नवा दाबून बसवला, दातेरी वॉशर घातला, वरून थोडं ग्रीस लावलं. शिवाय त्या प्लेटपासून चॅसिसपर्यंत एक वेगळी वायर टाकली. नंतर सेंडर बसवून डॅशबोर्डपाशी मोजलं तेव्हा टाकीच्या आणि डॅशबोर्डच्या आकड्यात अर्ध्या ओहमचाही फरक उरला नाही.

तेव्हा कुठे मला जुन्या गेजबद्दलची एक गोष्ट उमगली. शेवटची काही वर्षं टाकी पूर्ण भरली तरी त्याचा काटा 'भरली'पर्यंत जात नसे, पाऊणच्या जरा पुढे थांबायचा. आम्ही म्हणायचो, गेज म्हातारं झालं. त्याची आतली तार शेवटी तुटली हे खरं, ते मी मीटरने तपासलं होतं. पण ती कमी दाखवण्याची सवय त्याची नव्हतीच. त्या पंधरा ओहमच्या गंजाची होती. खराब अर्थ रेझिस्टन्स वाढवतो. ज्या सेंडरमध्ये जास्त ओहम म्हणजे कमी पेट्रोल, तिथे काटा कमी दाखवतो, आणि उलट दिशेच्या गाडीत तोच गंज जास्त पेट्रोल दाखवेल. हा दुसरा प्रकार रस्त्यात उभं करणारा. म्हणून कुणी मला विचारलं की गेज चुकीचं दाखवतंय, काय करू, तर मी पहिल्यांदा अर्थचा स्क्रू सोडवून त्याच्या खाली बघायला सांगतो.

सेंडरवर अजून एक छोटी पितळी डबी होती, वेगळ्या वायरची. ती पेट्रोल संपत आल्याच्या दिव्यासाठी. आत थर्मिस्टर असतो, तापमानानुसार रेझिस्टन्स बदलणारा भाग. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असेपर्यंत थंड राहतो आणि दिव्याला पुरेसा करंट जाऊ देत नाही. पेट्रोल त्याच्या खाली गेलं की तो स्वतःच्याच करंटने तापतो, त्याचा रेझिस्टन्स घसरतो आणि दिवा लागतो. याचा गेजशी काही संबंध नाही, आणि तेच मला हवं होतं. तपासणीला स्वतंत्र साक्षीदार. त्या वायरला मी हातही लावला नाही.

पुढच्या रविवारी लिटर मोजायला बसलो. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांत हवा सारखी. लॉक रिंगखालचं गॅस्केट नवं. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर, मांडीवर मल्टीमीटर आणि वही. मी मागे, मापाचा पाच लिटरचा डबा आणि फनेल घेऊन. मीटर पुढे डॅशबोर्डपाशीच लावला होता, टाकीजवळ उघडी वायर कुठेच नाही. बाबांना सांगितलं होतं की मोजून होईपर्यंत सीटवरून उठायचं नाही, वजन हललं तर गाडीही किंचित हलते. ते तीन तास उठले नाहीत.

पहिले पाच लिटर ओतले. "एकशे सात," बाबा म्हणाले. रिकाम्या टाकीलाही १०७ च होते. म्हणजे फ्लोट तळाशी दांडीच्या अडणीवर टेकलेला, पहिले पाच लिटर त्याला कळतच नाहीत. दहा लिटरला मी विचारलं, "किती?" उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं. "अरे थांब, अजून हलतंय. हलणारा आकडा मी लिहिणार नाही." मिनिटभराने: "शहाण्णव."

पंधराला ८४, वीसला ७१, पंचवीसला ५५, तीसला ४०, पस्तीसला २४, चाळीसला १०. त्रेचाळीसला ४ आणि तिथून पुढे गळ्यापर्यंत, म्हणजे पंचेचाळीसपर्यंत, ४ च. शेवटचे दोन लिटरही फ्लोटला कळत नाहीत, तो वरच्या बाजूला टेकलेला असतो. टाकी भरून निघाल्यावर पहिले कितीतरी किलोमीटर काटा हलत नाही, याचं कारण बरेचदा एवढंच.

वही हातात घेऊन मी आकड्यांमधली अंतरं काढली. खालच्या बाजूला पाच लिटरमागे ११, १२, १३ ओहम. वरच्या बाजूला १४ ते १६. टाकीचा आकार सगळीकडे सारखा नाही आणि दांडी गोलाकार फिरते, त्यामुळे लिटर आणि ओहम यांचं नातं सरळ रेषेत नाही. अर्धी टाकी म्हणजे साडेबावीस लिटर, तिथे साधारण ६३ ओहम. दोन टोकांच्या बरोबर मध्ये मात्र साडेपंचावन्न येतात. आता ते ७३-१० चं रेझिस्टरवालं गणित या वहीवर लावून पाहिलं. ६३ मध्ये ६ मिळवले, ६९. २२० पॅरललमध्ये, साडेबावन्न. सरळ प्रमाणाने धरलं तर काटा तिसऱ्या हिश्श्यापाशी. खरी अर्धी टाकी आणि दाखवणार एक तृतीयांश. दोन्ही टोकं अचूक आणि मधलं सगळं खोटं. पाच खुणांचं गेज घेतल्याचं समाधान मला त्या क्षणी झालं.

शिकवण्यासाठी टाकी पुन्हा रिकामी करून भरायची गरज नव्हती. आकडे आता वहीत होते. एक २०० ओहमचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, घेतला, त्याची खुंटी फिरवून मल्टीमीटरवर १०७ आणले आणि तो सेंडरच्या जागी गेजच्या 'एस' आणि अर्थमध्ये जोडला. गेजला बारा व्होल्ट मध्ये छोटा फ्यूज घालून दिले. बटण दाबून ठेवलं, 'रिकामी' पक्की. मग पोटेन्शिओमीटर काढून मीटरवर पुन्हा जुळवला, कारण जोडलेल्या अवस्थेत त्याचा रेझिस्टन्स मोजला तर गेजचा करंट मध्ये येतो आणि आकडा चुकतो. पाव टाकीसाठी ९३, अर्धीसाठी ६३, पाऊणसाठी २८. 'भरली'साठी मी ४ न देता ६ दिले. अर्थ थोडासा जरी खराब झाला तरी काटा 'भरली'पर्यंत जावा, एवढी सवलत मुद्दाम ठेवली. हीच सवलत खालच्या टोकाला मात्र ठेवायची नाही.

शून्य कुठे ठेवायचं यावर बाबांशी थोडी चर्चा झाली. मला वाटत होतं, काटा शून्यावर म्हणजे टाकी खरंच शून्य, तेच प्रामाणिक. बाबांचं म्हणणं, "काटा शून्यावर आला तरी पंप गाठता आला पाहिजे." टाकीनेच निर्णय दिला: पाच लिटरच्या खाली सेंडरला काही दिसतच नाही, तेव्हा शून्य म्हणजे पाच लिटर शिल्लक.

गाडीत बसवताना दोन गोष्टी जपल्या. मूळ गेजला क्लस्टरमध्ये थेट बारा व्होल्ट मिळत नव्हते. मध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर होता, जुन्या गाड्यांत तो गाडीनुसार ५, ७ किंवा १० व्होल्टच्या आसपास देतो. नव्या गेजला पूर्ण पुरवठा हवा, म्हणून त्याची वायर फ्यूज बॉक्समधून, इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या जागेवरून घेतली. आणि सेंडरची वायर जुन्या गेजपासून पूर्ण तोडली. पहिल्या वेळी मी ती क्लस्टरमध्ये तशीच राहू दिली होती. एका सेंडरवर दोन गेजं बसली की दोन्ही चुकतात. गेजची अर्थ वायरही दिव्यांच्या अर्थवर न घेता वेगळी नेली, नाहीतर हेडलाइट लावल्यावर काटा हलतो. सेंडरच्या वायरीला चुकूनही थेट बारा व्होल्ट लागू नयेत म्हणून तिच्या टोकाला वेगळ्या आकाराचा कनेक्टर लावला. ती वायर टाकीत जाते, तिथे चूक करायला जागा नाही.

त्यानंतर तीन आठवडे नुसतं पाहिलं. वळणावर काटा डोलत नाही, चिप सरासरी काढते. त्याची दुसरी बाजू म्हणजे पेट्रोल भरून इग्निशन चालू केलं की काटा लगेच वर जात नाही, मिनिटभर घेतो. चढावर उभं राहिल्यास थोडं कमी दाखवतो, ते या टाकीवर कोणतंही गेज दाखवेल.

काल संध्याकाळी परत येताना पिवळा दिवा लागला. काटा शून्याच्या वरच्या पहिल्या बारीक रेघेवर होता. पंपावर गळ्यापर्यंत भरलं, साडेसदतीस लिटर बसले. म्हणजे टाकीत साडेसात उरले होते, शून्याच्या अडीच लिटर वर. मी इग्निशन चालू केलं आणि दोघंही काट्याकडे बघत बसलो. तो सावकाश चढत गेला, पाव, अर्धी, पाऊण, आणि शेवटच्या रेघेवर जाऊन स्थिरावला.

बाबांनी खिशातून वही काढली आणि आकडा लिहिला.